सगळ्या नद्या सर्व्हर झाल्या तेव्हा

माघ अर्धा सरला की मला एक वास यायला लागतो. आंब्याच्या मोहोराचा नव्हे. तापलेल्या धुळीचा. बरेच दिवस बंद पडलेला कॉम्प्युटर चालू केला की आतल्या पंख्यावरची धूळ गरम होते आणि खरपूस, जरासा करपट वास सुटतो, तो. माझा परीक्षेचा मोसम तिथून सुरू होतो. लोकांना मोगरा आवडतो, केवडा आवडतो. आपली आवड ही अशी, काय करता!

यंदाही तो आला. परभणीतल्या आमच्या शाळेच्या लॅबमध्ये परवा तयारी चालली होती. आमचे नवे सर अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह घेऊन आले, कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनला लावला, चार बटणं दाबली आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून झालीसुद्धा.

"झालं, मॅडम," ते म्हणाले.

"झालं? एवढ्यात?"

"मग? किती वेळ लागायला पाहिजे होता?"

आता ह्या माणसाला काय सांगणार? मला खरं तर रागच आला. एवढ्या मोठ्या गोष्टीत कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाच्या दारात भांडायला गेलं नाही, कुणाच्या घरची भाकर अडली नाही. नुसता चहा आला. चहाही पाणचट होता.

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. सर्व्हर म्हणजे लॅबमधलं मुख्य मशीन. परीक्षेचा पेपर त्याच्या पोटात असतो. बाकीची मशीनं वायरीनं त्याला जोडलेली असतात; ती त्याच्याकडून पेपर मागून घेतात आणि पोरांनी केलेलं काम परत त्याच्याकडं सोपवतात. देणारं एक, घेणारी बाकीची. एवढं कळलं तरी बस झालं. आम्हाला त्या वर्षी एवढंही कळलं नव्हतं.

माझी पहिली नोकरी ताडकळसच्या पुढं, आतल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या बाया अजून भांडायला फोन करतात मला. परभणीहून सकाळची एसटी धरायची, ताडकळसला उतरायचं, पुढं मिळेल ते. कधी कुणाची मोटारसायकल, कधी काळीपिवळी, एकदा तर कडब्याच्या ट्रॅक्टरवर बसून गेले होते आणि दिवसभर साडीतून कुसं वेचत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगाला शाळू ज्वारी उभी. कणसं भरून वाकलेली, पाखरं हाकायला कुणीतरी पत्र्याचा डबा बडवतंय, मधेच करडईचं वाळलेलं पिवळं वावर. सकाळी स्वेटर घालून निघालेली मी दुपारी तोच स्वेटर खुर्चीवर टाकून फडक्यानं घाम पुसायची. मराठवाड्यातला माघ असाच, सकाळी एक अन् दुपारी दुसरा.

लॅब म्हणजे शाळेच्या मागची पत्र्याची खोली. चपला बाहेर काढायच्या, हा नियम. मशीनं शहरातल्या कुठल्याशा कचेरीतून उतरून आलेली, म्हातारी, डबड्यासारख्या पडद्यांची. त्यांना पोरींनी शिवणाच्या तासाला झगे शिवले होते. कुणाच्या आईच्या जुन्या इरकलीचा काठ, कुणाच्या चुलतीच्या पातळाचा पदर. झगे काढून घड्या घातल्याशिवाय तास सुरू होत नसे. दसऱ्याला लावलेलं हळदीकुंकू माघातही मशीनवर तसंच असायचं, कारण पुसायची कुणाची छाती नव्हती. बारावीला कॉम्प्युटर विषय घेतलेल्या सगळ्या पोरीच. पोरं विज्ञानाला नाहीतर परभणीला. पोरींना गावातच राहायचं होतं म्हणून हा विषय त्यांच्या वाट्याला आला, आणि त्या पोरींनी तो असा काही धरला की विचारू नका.

त्यातली सत्यभामा. सगळे सत्या म्हणत. मूळची राणीसावरगावकडची. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, म्हणून ती इथं मावशीकडं, कोंडामावशीकडं, राहून शिकत होती. बोलायची कमी, हसायची भरपूर. टाइप करताना तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. मी एकदा म्हटलं, "सत्या, जिभेनं टाइप करतेस का बोटांनी?" तर जीभ आत घेतली अन् लगेच चुकली.

सत्याच्या बापाची एक अट होती. गावातली शाळा आहे तोवर शिकू द्यायचं. गावाबाहेर पाऊल टाकायची वेळ आली की शिक्षण बंद, मग चल आमच्याबरोबर उसाच्या फडात. वाईट माणूस नव्हता तो. महिनोन् महिने परमुलखात पालात राहणाऱ्या माणसाला, पोरगी कुठल्या गावात, कुठल्या रस्त्यावर असेल ही काळजी सोसत नाही, एवढंच. पण अट ती अट. आणि कोंडामावशी त्या अटीची चौकीदार.

त्या वर्षी वरून फर्मान आलं की कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक आता सर्व्हरवर होणार. तपासणीला साहेब येतील, लॅब चालू दिसली तर गावातच परीक्षा. नाही दिसली तर पोरींनी परभणीला जायचं.

मी वर्गात हे सांगितलं तेव्हा सत्या हसली नाही. तास संपल्यावर झगे घालायला थांबली आणि म्हणाली, "मॅडम, ते सर्व्हर बसंल ना आपल्याकडं?"

"बसेल की. न बसायला काय झालं?"

"न्हाई, आमच्या मावशीनं विचारायला लावलंय."

मावशीनं काही विचारलेलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमचे हेडसर म्हणजे एक वेगळाच मामला. खांद्यावर कायम दस्ती, पायात कोल्हापुरी, आणि एकच तत्त्व: पंक्तिभेद करायचा नाही. सव्वीस जानेवारीला शाळेत जेवण असायचं. हेडसर स्वतः बुंदीची बादली घ्यायचे आणि पहिल्या पोराला जेवढी तेवढीच शेवटच्या पोराला वाढायचे. सरपंचाचा नातू असो की सालगड्याचा. बादली मधेच संपत आली तर पुढच्यांच्या ताटातली काढून मागच्यांना द्यायला कमी करायचे नाहीत. पोरं रडायची, पण हेडसर ऐकत नसत.

तर सर्व्हरची सीडी आली. हेडसरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मला विचारलं, "हे कशात टाकायचं?"

"सर, बहुतेक एकाच मशीनमध्ये टाकायचं असतं."

"बहुतेक म्हणजे? पक्कं ठाव हाय का?"

पक्कं कुठून ठाऊक असणार? कॉलेजात सर्व्हर म्हणजे पुस्तकातलं चित्र होतं, एक चौकोन आणि त्याला बाण. "पक्कं नाही, सर."

"मग सगळ्यांत टाका. एकालाच द्यायचं अन् बाकीच्यांनी तोंडाकडं बगायचं? आपल्या शाळेत असं चालत न्हाई, मॅडम."

मला तेव्हा ते पटलं, हे विशेष. पोरींना तर फारच पटलं. कुणाच्या मशीनला सर्व्हर आणि कुणाच्या नाही, ह्यावरून त्यांच्यात आदल्या दिवसापासून रुसवेफुगवे चालले होतेच.

मग ती दुपार! अजून आठवली तरी मन भरून येतं. एकच सीडी, पंगतीत वाढप्या फिरावा तशी या टोकाकडून त्या टोकाकडं फिरणारी. एका मशीनमध्ये गेली की तिथल्या पोरी पडद्याला नाक लावून बसायच्या. पांढरी रेघ पुढं सरकतेय का बघायच्या. मधे ते मशीन नाव विचारायचं. आता कॉम्प्युटरला नाव काय द्यायचं? मी म्हटलं, तुमच्या मनानं द्या. पोरींनी आपल्या नद्यांची नावं दिली. गोदा, पूर्णा, दुधना, करपरा. सत्याच्या मशीनचं नाव मासोळी, तिच्या मूळ गावाकडची नदी. एकीला नदी उरली नाही, तिनं गावच्या ओढ्याचं नाव टाकलं आणि दिवसभर तिला सगळ्यांनी चिडवलं. कुणीतरी डब्यातून हुरडा आणला होता, शेवटचा, जरा निबर झालेला. लॅबमध्ये खायची बंदी होती. मी तिकडं पाठ केली आणि हात मागं केला, हुरडा हातावर आला.

आणि नेमकी गिरणी सुरू झाली.

शाळा अन् गावची पिठाची गिरणी विजेच्या एकाच डीपीवर. गावात दुपारी जी काय लाईट यायची, तेवढ्याच वेळात गिरणीही चालायची आणि लॅबही. गिरणीचा पट्टा फिरला की आमचे दिवे मिणमिणायचे, पडदे आक्रसायचे, आणि म्हाताऱ्या मशीनं धाडकन बंद पडून परत पहिल्यापासून सुरू व्हायची. एरवी तासाला चालून जायचं. पण आता अर्धी रेघ गेलेली सीडी परत पहिल्यापासून! पोरी किंचाळल्या. मी कपाळ बडवलं. हेडसर दस्ती झटकून तडक गिरणीवाल्या बापूंकडं गेले आणि गिरणी बंद करून आले.

काय बोलले कोण जाणे, पण थोड्या वेळानं बायकांचा घोळकाच लॅबच्या दारात. डोक्यावर ज्वारीचे डबे. पुढं कोंडामावशी.

"कुठंय ती बाई? ओ बाई, तुमाला मशीनी चालवायच्यात, आमाला चूल पेटवायची हाय. लेकरं काय दाणे खातील?"

मी हात जोडले. "मावशी, एवढी दुपार. पोरींच्या परीक्षेचं आहे."

"कसली परीक्षा? अजून महिना हाय म्हणली की पोरगी." मावशीनं आत डोकावून बघितलं. चप्पल काढू का नको ह्या विचारात एक पाय उंबऱ्यात. आत सत्या पडद्याला नाक लावून बसलेली. "अन् हे काय बगायलीस डोळे फोडून? काय दिसायलंय त्यात?"

"रेघ," सत्या म्हणाली.

"रेघ!" मावशीनं मागं वळून सगळ्या बायांना सांगितलं. "रेघ बगायलीय म्हणं. हिच्या रेघीपायी आमी उपाशी."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, मग मला वाटलं हसायला नको होतं. पण भांडण तिथंच विरलं. बाया डबे घेऊन गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसल्या, आणि लॅबमध्ये सीडी परत फिरायला लागली. त्या दिवशी गावात बऱ्याच घरी खिचडी शिजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या मशीनांत सर्व्हर बसला. आम्ही सगळी एकदम चालू केली.

आणि सगळे पडदे काळे. कुठं चित्र नाही, बाण नाही, खालची पट्टी नाही. काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं, मशीनचं नाव आणि लुकलुकणारी एक बारीक रेघ. बस. माऊस हलवला तर काहीच हलेना.

"मॅडम," एक पोरगी म्हणाली, "आपलं चित्र कुठं गेलं?"

मला कुठं ठाऊक? मी वायरी हलवल्या, बटणं दाबली, दिसेल ते टाइप केलं. पोरी माझ्या बोटांकडं बघत होत्या. शेवटी परभणीला वसीमला फोन लावला. वसीम माझा कॉलेजातला वर्गमित्र, बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ फोनवर काहीच आवाज नाही. मला वाटलं लाईन गेली. तो हसत होता.

"अगं बाई, काय करून बसलीस? सगळ्यांनाच नवरदेव केलंस! सगळेच घोड्यावर. आता वरातीत नाचायचं कुणी?"

"वसीम, मला रडू यायलंय अन् तू दात काढ."

"रडू नको. ऐक. सर्व्हर एकच ठेव. तो असाच असतो, काळा. त्याला चित्र-बित्र लागत नाही. बाकीचे परत पहिल्यासारखे करायचे."

"पहिलं काहीच राहिलं नाही रे. सगळं पुसलं गेलं."

"मी सीडी देतो. उद्याच्या एसटीत कंडक्टरकडं देतो. अन् मजुरी म्हणून हुरडा पाठवून दे."

"हुरडा संपला."

"मग राहू दे, दोस्तीखात्यात," वसीम म्हणाला.

फोन ठेवून वळले तर सत्या मागंच उभी. "मॅडम, साहेब परवा येणार न्हवं?"

"हो."

"म्हणजे परीक्षा परभणीला?"

मी तिच्यावर खेकसले. "मी म्हटलं का तसं? म्हटलं का? जा, जागेवर बस." वाईट वाटत असलं की मी चिडते, ही माझी खोड जुनी आहे. ती गेली आणि मासोळीच्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिली.

हेडसरांना समजावून सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते खुर्चीत बसले, दस्तीनं तोंड पुसलं. "म्हणजे एकच देणारा, अन् बाकीच्यांनी मागून घ्यायचं?"

"हो, सर. त्याशिवाय चालत नाही."

"बरं," ते म्हणाले. मग दस्ती परत खांद्यावर टाकून, "पण वाढप्याला शेवटी जेवावं लागतं, मॅडम. त्या मशीनवर कुणी पोरीनं बसायचं न्हाई, बरोबर ना?"

"बरोबर, सर."

"मंग झालं. मंग पटलं." त्यांचा चेहरा खुलला. मला मात्र त्यांचे पाय धरावेसे वाटले. आम्ही दोन दिवस पुस्तकं उलटवत होतो आणि ह्या माणसानं बुंदीच्या बादलीवरून सर्व्हर समजून घेतला होता.

आता सर्व्हर कोण राहणार? हेडसर गोदेकाठचे, गंगाखेडचे. ते म्हणाले गोदा, सगळ्यांत मोठी. पोरी म्हणाल्या, वा वा, तालुका कुणाचा? पूर्णेचा. पूर्णाच राहणार. अशी जुंपली की विचारता सोय नाही. मी ओरडले, "ज्या मशीनचा पंखा नीट फिरतोय ते!" पंखा नीट फिरायचा तो दुधनेचा. दोन्ही पक्ष गप्प झाले.

सीडी आली, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून, कंडक्टरच्या खाकी खिशातून. मग परत गिरणी बंद, परत ओट्यावर डब्यांची रांग. ह्या खेपेला कुणी भांडायला आलं नाही. कोंडामावशी तेवढी एक चक्कर मारून गेली. उंबऱ्यातूनच विचारलं, "आज बी रेघच हाय का?"

"आज चित्र यायलंय, मावशी," सत्या म्हणाली.

"येऊ दे मग," मावशी म्हणाली आणि गेली.

उंदरांनी कुरतडलेल्या वायरींच्या टोकांना नव्या टोप्या लावल्या, सगळ्या वायरी जिथं येत त्या मधल्या डबीतले हिरवे दिवे एकेक करत लुकलुकायला लागले. मी दुधनेत एक ओळ लिहून ठेवली होती, ती मासोळीवर उघडते का बघायला सत्याला सांगितलं. तिनं उघडली आणि मोठ्यानं वाचली, "सत्या, जीभ आत घे." अख्खा वर्ग हसला. मीच लिहिलं होतं ते, पण तिच्या तोंडून ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुधनेतलं मासोळीत पोचलं होतं.

साहेब आले, फिरले, दोनचार मशीनांवर बोटं चालवली. सर्व्हरचा काळा पडदा बघून मान हलवली. झग्यांकडं बघून म्हणाले, "हे काय?" हेडसर म्हणाले, "थंडीचे कपडे, साहेब." साहेब हसले आणि परीक्षा गावातच घ्या म्हणून सांगून गेले. पोरींनी जो काय गलका केला! पत्र्यावरची कबुतरं उडाली.

आता वाटतं, त्या मोसमात मी फार कमी शिकवलं. पोरींना परीक्षेत लागणारं तर अर्धंमुर्धंच. पण लॅब म्हणजे काय हे मला तिथं कळलं. त्यानंतर मी कितीतरी लॅब लावल्या. एसी असलेल्या, काचेच्या दारांच्या, जिथं चपला काढायला कुणी सांगत नाही. सगळीकडं सर्व्हर पहिल्या झटक्यात बसतो. मुलं येतात, बसतात, जातात. मशीनांना आकडे असतात, नावं नसतात. मी एकदा सुचवून बघितलं, नद्यांची नावं देऊ या. नवे सर म्हणाले, "कशाला, मॅडम? आकडा लक्षात ठेवायला सोपा जातो." खरं आहे, सोपा जातो. मी घरी येऊन उगाच भांडी आपटली.

आजही काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ दिसली की मला भीती वाटत नाही. नव्या मुलांना वाटते. त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. मला ज्वारीच्या पिठाचा वास येतो. हे कुणाला पटणार नाही, पण येतो.

आणि मग तो दिवस आठवतो, प्रात्यक्षिकाचा.

सकाळी मी गावात उतरले तर कोंडामावशी शाळेच्या फाटकाशीच उभी. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, काल फोन आलता. सत्याच्या आईच्या पायाला कोयता लागलाय. लय लागलाय. उभं ऱ्हाता येईना तिला. बाप न्यायला यायलाय पोरीला. निघालाय तिकडून."

"न्यायला? कुठं?"

"फडावर. जोडीतलं एक माणूस बसलं की दुसऱ्याला बी काम न्हाई. आईच्या जागी ही."

"पण गावात परीक्षा आहे, मावशी! त्याचीच अट होती ना? आपण पाळली की."

"पाळली. पण त्यानं तरी काय करावं, सांगा?"

तिनं पदर अजून पुढं ओढला. मावशी म्हणाली, "पोरीला बोलले न्हाई मी. तुमी बी बोलू नका. जेवढं होतंय तेवढं होऊ द्या." आणि गेली.

मी लॅब उघडली. पोरी आल्या, पाया पडल्या, झगे काढून घड्या घातल्या. परीक्षक आले. सत्या मासोळीवर बसली आणि माझ्याकडं बघून हसली. मला तिच्याकडं बघवेना. दुपारी पेपर सुरू झाला, डबीतले हिरवे दिवे भराभर लुकलुकायला लागले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज बापूंना गिरणीचं सांगायचं आम्ही विसरलोच. सकाळी हेडसर परीक्षकांना आणायला ताडकळसला गेलेले, मी ह्या घोरात. लाईट तर आली होती. आता पट्टा फिरेल, आता दिवे मिणमिणतील, असं म्हणत मी खिडकीशी उभी राहिले. पट्टा फिरला नाही. ओट्यावर डबे दिसत होते, बाया बसलेल्या दिसत होत्या, गिरणी बंद.

मग रस्त्यावर एक माणूस दिसला. डोक्याला गुंडाळलेलं टापरं, हातात पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. तो फाटकाकडं आला, थांबला, परत वळून गिरणीच्या ओट्याकडं गेला. हा सत्याचा बापच असणार. मी कधी नाही ती देवाला म्हणाले, थोडा वेळ बसव रे ह्याला तिथंच. खिडकीतून तो ओट्याच्या कडेला बसलेला दिसत होता, पिशवी मांडीवर घेऊन. मधे मला एका पोरीनं कागद मागितला, मी आत वळले. परत बघितलं तर तिथं कुणी नव्हतं.

फाटकातूनही कुणी आलं नाही.

पेपर संपला. सत्याचं काम मासोळीतून दुधनेत पोचलं, पडद्यावर तसं लिहून आलं, तिनं हात वर करून आळस दिला. मी बाहेर आले ती तिला घट्ट हाताला धरूनच. कोंडामावशी पायऱ्यांशी डबा घेऊन उभी होती. डबा अजून दाण्यांचाच.

"कसा गेला?" मावशीनं विचारलं.

"लय भारी," सत्या म्हणाली. "मावशे, तू इथं कामून?"

मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं. "तुजा बाप येऊन गेला," ती म्हणाली.

सत्यानं माझा हात सोडला. मावशीनं तिला सगळं सांगितलं, आईच्या पायाचं, न्यायला आल्याचं. "पर आधी गिरणीपाशी थांबला. बापूला म्हणला, लाईट हाय की, गिरणी कामून बंद? बापू म्हणला, पोरींचा पेपर हाय, गिरणी लावली की मशीनी बंद पडत्यात. मग बायांला म्हणला, अन् तुमी कामून बसलाव? तर त्या म्हणल्या, तुज्याच पोरीचा पेपर हाय न्हवं? संपल की दळू."

"मग?"

"मग काय? बसला ओट्यावर. मला म्हणला, अजून पेपर हायत का? म्हणले, हायत, सगळेच हायत की अजून. तर उठला. म्हणला, मी बगतो तिकडचं. अन् मी आलतो म्हणून तिला सांगू नको, पुढचा पेपर बिघडंल."

सत्या पळत फाटकापर्यंत गेली. रस्ता रिकामा होता. ती तिथंच फाटक धरून रडायला लागली. मी तिला जवळ घ्यायला गेले आणि मीही रडायला लागले, परीक्षक बघत होते तरी. कोंडामावशीनं डबा काखेला मारला आणि आम्हा दोघींवर खेकसली.

"रडायलाव कामून? चल घरी, अभ्यासाला बस. इंग्रजीचा पेपर काय मी लिहू का तुजा?"